देवमाशाच्या कातडीपासून नॅनोकणापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्री सस्तन प्राण्यांची परिसंस्था आणि पेशींची नॅनो-पातळीवरची अभियांत्रिकी ही दोन्ही कामे एकाच संशोधनात कशी बसतात, नमुना कसा घेतात, पेशी कशा वाढवतात, नॅनोकण कुठे फसतात, याबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. प्रत्यक्ष काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून आकडे आणि चुका जिथल्या तिथे दिल्या आहेत.

देवमासा कुठे आणि नॅनोमीटर कुठे? दोघांचा संबंध काय?

क्युव्हियरच्या चोचीच्या देवमाशाने २,९९२ मीटर खोल बुडी मारल्याची नोंद २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २२२ मिनिटे पाण्याखाली राहिल्याची २०२० मध्ये. दोन्ही नोंदी प्राण्याला लावलेल्या टॅगमधून मिळाल्या. किती खोल आणि किती वेळ, एवढे टॅग सांगतो. तेवढ्या वेळात प्राणवायूवाचून मेंदू आणि मूत्रपिंड शाबूत कसे राहतात, हे त्याला ठाऊक नसते. ते पेशीला विचारावे लागते, आणि पेशीला प्रश्न विचारण्याची अवजारे नॅनोमीटरच्या मापाची असतात.

हा संबंध नवा नाही. त्रिमितीय रचना उलगडलेले पहिले प्रथिन म्हणजे मायोग्लोबिन, आणि ते होते स्पर्म व्हेलच्या स्नायूंमधले. जॉन केंड्र्यू यांनी १९५८ मध्ये ती रचना मांडली, १९६२ चे नोबेल त्याचसाठी. देवमासा निवडण्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते: त्याच्या स्नायूंत मायोग्लोबिन भरपूर असते आणि त्याचे स्फटिक चांगले होतात. खोल बुडी मारणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंत हे प्रथिन इतके दाटीवाटीने असते की एरवी त्याच्या गुठळ्या व्हायला हव्यात. त्या का होत नाहीत याचे उत्तर २०१३ मध्ये मिळाले. या प्राण्यांत मायोग्लोबिनच्या पृष्ठभागावर धन प्रभार जास्त असतो, त्यामुळे रेणू एकमेकांना दूर ढकलतात. प्राण्याची बुडी किती लांबणार, हे तीन-चार नॅनोमीटरच्या गोळ्यावरच्या प्रभारावरही अवलंबून असते ते असे.

नॅनो म्हणजे नेमके किती लहान?

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जावा भाग, मायक्रोमीटरचा हजारावा. निळा देवमासा सुमारे ३० मीटरपर्यंत वाढतो. त्याच्या त्वचेतली, द्रवात सुटी केलेली एक पेशी साधारण १५ ते २० मायक्रोमीटरची असते, म्हणजे उंदराच्या पेशीएवढीच. प्राणी मोठा असला की पेशी मोठी होत नाही, पेशींची संख्या वाढते. पेशीला आरएनए, म्हणजे जनुकाची सूचना वाहणारा रेणू, पोचवणारा मेदाचा नॅनोकण, म्हणजे मेदकण, ८० ते १०० नॅनोमीटरचा, आणि पेशी ज्या प्रथिनाने पृष्ठभागाला धरून बसते ते इंटेग्रिन सुमारे १० नॅनोमीटरचे.

जिवंत देवमाशाचा नमुना घेतात कसा?

क्रॉसबो किंवा खास बदल केलेली रायफल, आणि पोकळ टोकाचा बाण. मोठ्या देवमाशांसाठी साधारण ६८ किलो ओढीचा क्रॉसबो वापरतात. टोक स्टीलचे, नळीसारखे. व्यास ५ ते ८ मिमी, लांबी लहान डॉल्फिनसाठी २० ते २५ मिमी आणि मोठ्या देवमाशांसाठी ४० मिमीपर्यंत. नळीच्या आत दोन-तीन उलटे काटे असतात. कापलेला तुकडा त्यांच्यात अडकून राहतो. टोकाच्या मागे दाट फोमचा गोळा बसवतात. तो दोन कामे करतो: बाण ठरावीक खोलीपलीकडे जाऊ देत नाही आणि आपटून मागे उडालेला बाण पाण्यावर तरंगत ठेवतो. मग जाळीने उचलायचा.

नेम पाठीच्या पराच्या खाली किंवा किंचित मागे, बाजूच्या मांसल भागावर धरतात. डोके, नाकपुडी आणि पराच्या पुढचा भाग पूर्ण वर्ज्य. अंतर १० ते २५ मीटर. बोट प्राण्याच्या मागून तिरकी येऊन समांतर चालवायची, वेग एकसारखा ठेवायचा. गियर सारखा बदलला की आवाजाने प्राणी बुजतो. बाण पाठीला काटकोनात लागला पाहिजे. तिरपा लागला तर ओल्या, गुळगुळीत कातडीवरून घसरतो आणि रिकामा परततो. रिकाम्या बाणांचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे बोथट कड. दर काही नेमांनंतर कड भिंगाखाली पाहावी, दुमडलेली दिसली तर टोक बदलावे.

टोके आधी साबणाने घासून, मग १० टक्के ब्लीचमध्ये बुडवून, स्वच्छ धुऊन, शेवटी ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून, फॉइलमध्ये गुंडाळतात. पेशी वाढवायच्या असतील तर ब्लीचनंतरचे धुणे टाळू नये. नळीच्या आत उरलेला थेंबभर ब्लीचसुद्धा पेशी मारतो.

यात प्राण्याला इजा होते का?

बहुतेक प्राणी दचकतात, शेपूट आपटतात किंवा बुडी मारतात आणि काही मिनिटांत आपल्या उद्योगाला लागतात. जखम लहान असते, भरून येते. पण धोका शून्य नाही. भूमध्य समुद्रात एका कॉमन डॉल्फिनच्या अंगात बाण रुतून राहिला आणि तो प्राणी मेला. तो वृत्तांत २००० मध्ये प्रसिद्ध झाला. लहान, कृश किंवा पातळ ब्लबरच्या (कातडीखालच्या चरबीच्या थराच्या) प्राण्यांवर मोठे टोक वापरू नये, ही सूचना अशा प्रसंगांतूनच आली आहे. नवजात पिल्ले आणि त्यांच्या आयांना बहुतेक परवानग्यांमध्ये वगळलेले असते. आमचे मत सरळ आहे: गळून पडलेली कातडी, विष्ठा किंवा फोटो-ओळख यांतून प्रश्न सुटत असेल तर बाण उचलू नये.

बाण बोटीवर आला. पुढे काय?

पुढची दहा मिनिटे सर्वांत महाग. तुकडा जेमतेम पेन्सिलीच्या जाडीचा असतो: वर काळी बाह्यत्वचा, तिच्याखाली पांढरट चिवट आंतरत्वचा, मग ब्लबर. निर्जंतुक चिमट्याने बाहेर काढून थंड पेट्री डिशमध्ये ठेवायचा आणि उभा चिरायचा, म्हणजे प्रत्येक भागाला तिन्ही थर मिळतात.

डीएनएसाठीचा भाग २० टक्के डीएमएसओ (पेशीत सहज मुरणारा एक सेंद्रिय द्रव) असलेल्या, मिठाने संपृक्त द्रावणात किंवा ९५ टक्के इथेनॉलमध्ये जातो. आहाराच्या अभ्यासासाठी, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनच्या स्थिर समस्थानिकांसाठी, कोरडा तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून गोठवायचा. डीएमएसओत ठेवलेला नमुना या कामाला बाद होतो, कारण डीएमएसओतच कार्बन आहे. प्रदूषकांसाठीचे ब्लबर प्लॅस्टिकला लागू द्यायचे नाही, अॅसिटोनने धुतलेल्या काचेत किंवा फॉइलमध्ये ठेवायचे.

पेशी वाढवण्यासाठीचा भाग मात्र कुठल्याही परिस्थितीत गोठता कामा नये. काळी त्वचा आणि पांढरा थर जिथे भेटतात तिथला तुकडा घ्यायचा, दुप्पट मात्रेचे प्रतिजैविक आणि २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर अॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक घातलेल्या कल्चर-माध्यमात, म्हणजे पेशी वाढवण्याच्या पोषक द्रवात, बुडवायचा आणि ४ अंश सेल्सिअसला ठेवायचा. नळी थेट बर्फाच्या लादीला टेकवू नये, मध्ये कापड किंवा कागदाचा थर असावा. २४ तासांत प्रयोगशाळेत पोचला तर उत्तम. ४८ तासांनंतरही पेशी मिळतात, पण कमी आणि उशिरा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. इथे चुकलेले पुढे कुठलाही नॅनोकण दुरुस्त करत नाही.

किनाऱ्याला लागलेल्या मृत प्राण्यापासून पेशी मिळतील का?

प्राण्याची अवस्था १ ते ५ अशा संकेतांकांत नोंदवतात: १ म्हणजे जिवंत, २ ताजा मृत, ३ मध्यम कुजलेला, ४ फार कुजलेला, ५ सुकलेला किंवा फक्त सांगाडा. पेशींसाठी २ चालतो, ३ क्वचित. ब्लबर उष्णता बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे मोठ्या देवमाशाचे आतडे-यकृत बाहेरून ताजे दिसणाऱ्या शरीरातही वेगाने कुजते. त्वचा मात्र थंड पाण्याने गार राहिलेली असते, म्हणून आतले अवयव गेले तरी कातडीतून पेशी मिळू शकतात. फुगलेल्या शरीराला सुरी लावण्याआधी वायूचा दाब लक्षात घ्यावा.

हातमोजे, मुखपट्टी आणि चष्मा सक्तीचे. डॉल्फिनांत ब्रुसेला हा रोगकारक जिवाणू आढळतो, सील चावल्यावर बोटाला होणारा संसर्ग जुना आहे, आणि २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यांवर एच५एन१ विषाणूने समुद्रसिंह आणि एलिफंट सील हजारोंनी मेले.

तुकड्यातून पेशी कशा वाढवतात?

प्रतिजैविक घातलेल्या बफरमध्ये तीन वेळा, प्रत्येकी ५ ते १० मिनिटे धुवा. चरबी काढून टाका. ती राहिली तर तेलाचा तवंग येतो आणि तुकडे तळाला चिकटत नाहीत. आंतरत्वचेचे १ मिमीचे बारीक तुकडे करा. कापताना पाती दाबायची, ओढायची नाही, नाहीतर कडेच्या पेशी चिरडतात.

मग तुकडे सहा खळग्यांच्या प्लेटमध्ये मांडायचे आणि माध्यम घालण्याची घाई करायची नाही. १५ ते ३० मिनिटे झाकून ठेवा, तुकडे तळाला धरू द्या, मग जेमतेम तळ ओला होईल एवढेच माध्यम कडेने सोडा. जास्त घातले की तुकडे तरंगतात, आणि तरंगणाऱ्या तुकड्यातून काही उगवत नाही. माध्यम डीएमईएम/एफ-१२, त्यात १५ ते २० टक्के गायीच्या गर्भाच्या रक्ताचे सीरम. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. पहिले तीन-चार दिवस प्लेट हलवू नका, उघडून पाहूही नका. ही सूचना सगळ्यात जास्त मोडली जाते.

साधारण एक ते दोन आठवड्यांत तुकड्याच्या कडेने लांबट, टोकदार पेशी बाहेर सरकताना दिसतात, जणू कुणी कडेला पिंजलेला कापूस लावला आहे. ह्या तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट. तळाचा ८० टक्के भाग भरला की ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने दोन ते चार मिनिटांत सोडवून नव्या भांड्यात न्यायच्या. पहिल्या दोन-तीन पिढ्यांतूनच साठा करा: प्रत्येक नळीत सुमारे १० लाख पेशी, १० टक्के डीएमएसओ, मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर. गोठवणे हळू, वितळवणे झटपट. उलटे केले तर पेशी मरतात.

कल्चर बिघडते ते कशामुळे?

बुरशी पहिली. समुद्री प्राण्याची त्वचा निर्जंतुक नसते आणि पेनिसिलिनचा बुरशीवर काहीच परिणाम होत नाही. अॅम्फोटेरिसिन ३७ अंशांवर तीनेक दिवसांत निकामी होते, म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत माध्यम त्या हिशेबाने बदला.

मायकोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जिवाणू त्याहून वाईट, कारण दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही आणि ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही तो निसटू शकतो. माध्यम गढूळ होत नाही, पेशी फक्त सुस्तावतात. दर महिन्याला पीसीआर चाचणी करा. मायकोप्लाझ्मा असलेल्या पेशींवर काढलेले नॅनोकणांच्या विषारीपणाचे निष्कर्ष टाकून द्यावे लागतात, त्याला इलाज नाही.

तिसरा बिघाड म्हणजे अदलाबदल. शेजारच्या भांड्यातल्या मानवी कर्करोगाच्या पेशी वेगाने वाढतात आणि एखादा थेंब उडाला तर महिन्याभरात देवमाशाच्या पेशींना मागे टाकतात. नव्या पेशी अचानक फार जोमाने वाढू लागल्या तर आनंद मानण्याआधी डीएनएवरून प्रजाती तपासा.

या पेशी कायम वाढत राहतात का?

नाही. काही पिढ्यांनंतर त्या पसरट होतात आणि विभाजन थांबवतात. टेलोमरेजचे (गुणसूत्रांची टोके झिजू न देणाऱ्या विकराचे) जनुक किंवा एसव्ही४० विषाणूचे टी-प्रतिजन घालून त्यांना अमर करता येते. पण टी-प्रतिजन कर्करोग रोखणाऱ्या पी५३ या प्रथिनाला निष्प्रभ करते. कर्करोग-प्रतिकार किंवा डीएनए-दुरुस्ती अभ्यासायची असेल तर ज्याचा अभ्यास करायचा तेच मोडून टाकल्यासारखे होईल. अशा कामाला टेलोमरेज बरे, आणि सुरुवातीच्या पिढीच्या मूळ पेशी सर्वांत बऱ्या.

बोहेड देवमासा २०० वर्षांहून जास्त जगू शकतो. त्याच्या तंतुपेशी डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यावर ते अधिक नीट जोडतात आणि त्यात सीआयआरबीपी या प्रथिनाचा हात आहे, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते कळले कातडीतून वाढवलेल्या पेशींमुळेच.

आरएनए पोचवणारे मेदकण कसे बनवतात?

चार घटक: आयनीकरणक्षम मेद (आम्लात प्रभार घेणारा), डीएसपीसी (एक फॉस्फोलिपिड), कोलेस्टेरॉल आणि पीईजी-मेद (पॉलिइथिलीन ग्लायकॉलची साखळी जोडलेला); मोलर प्रमाण ५० : १० : ३८.५ : १.५. हे इथेनॉलमध्ये विरघळवायचे. आरएनए पीएच ४ च्या सायट्रेट बफरमध्ये. सूक्ष्मवाहिनीच्या मिश्रकातून बफर ३ भाग आणि इथेनॉल १ भाग, एकूण १२ मिलि प्रति मिनिट या वेगाने एकत्र सोडले की कण आपोआप जुळून येतात. पीएच ४ ला मेदावर धन प्रभार येतो आणि तो ऋण प्रभाराच्या आरएनएला धरतो. नंतर पीएच ७.४ च्या बफरमध्ये डायलिसिस करून इथेनॉल काढायचे, प्रभारही उतरतो.

तपासणी: आकार ७० ते १०० नॅनोमीटर, आकारातील विखुरलेपणाचा निर्देशांक ०.२ च्या खाली, आरएनए आत बंद होण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर. इथेनॉल उरले तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. सुक्रोज न घालता गोठवले तरी तेच. हाताने पिपेटने मिसळून कण होतात, पण प्रत्येक वेळी वेगळ्या आकाराचे. सरावाला ठीक, प्रयोगाला नाही.

देवमाशाच्या तंतुपेशींवर पहिला प्रयोग हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या एमआरएनएने करावा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी १०, ३० आणि १०० नॅनोग्रॅम, २४ तासांनी पाहावे. सीरम पूर्ण काढून टाकू नका. या प्रकारचे अनेक कण सीरममधल्या अपोलिपोप्रोटीन-ई या मेदवाहक प्रथिनाचा लेप चढल्यावरच पेशीत नीट शिरतात, त्यामुळे ‘स्वच्छ’ म्हणून सीरमविरहित माध्यम वापरणाऱ्याला चमक दिसत नाही आणि तो कणांना दोष देतो.

कण पेशीत शिरले, तरी परिणाम का दिसत नाही?

शिरणे वेगळे आणि सुटणे वेगळे. पेशी कणाला पिशवीत घेते. तिथून बाहेर पेशीद्रवात आला तरच आरएनए कामाचा. अशा मेदकणांवरच्या २०१३ च्या एका मोजणीत जेमतेम १ ते २ टक्के आरएनए त्या पिशव्यांतून सुटल्याचे दिसले. चमकणाऱ्या रंगाने माखलेली पेशी पाहून ‘पोचले’ असे लिहू नये. प्रथिन बनले की नाही हेच मोजावे.

माणसासाठीची रसायने देवमाशाच्या पेशींना चालतात का?

मेदकण आणि एमआरएनए चालतात. प्रथिन ओळखायला वापरतात ती प्रतिपिंडे बेभरवशाची: मानवी प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड देवमाशात कधी बसते, कधी भलत्याच प्रथिनाला चिकटते. जनुक बंद करणारे लहान आरएनए आणि क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राचे मार्गदर्शक आरएनए त्या प्रजातीच्या जीनोमवरूनच आखावे लागतात. एखाद-दुसरे अक्षर चुकले तरी काम बिघडते. व्हाकिता या अतिसंकटग्रस्त पॉर्पसचा (डॉल्फिनसारख्या लहान समुद्री सस्तनाचा) संदर्भ-जीनोम २०१७ मध्ये पकडलेल्या प्राण्याच्या वाढवलेल्या पेशींपासूनच तयार झाला.

सोन्याचे नॅनोकण माध्यमात टाकताच रंग का बदलतो?

कारण ते एकमेकांना चिकटले. सायट्रेटने स्थिर केलेले सोन्याचे कण पाण्यात माणकासारखे लाल दिसतात. केवळ ऋण प्रभारामुळे ते वेगळे राहतात, आणि शरीरातल्याएवढ्या मीठ-पाण्यात त्या प्रभाराचा प्रभाव जेमतेम ०.८ नॅनोमीटरपर्यंतच उरतो. कण जवळ येतात, चिकटतात, द्रव जांभळट आणि मग निळसर होतो. तुम्ही ४० नॅनोमीटरचा कण टाकला असे वहीत लिहिता, पेशीवर मात्र मायक्रोमीटरचा गोळा पडतो.

आधी अल्ब्युमिन किंवा पीईजीचा लेप द्या, मग माध्यमात घाला. आणि आकार पाण्यात नव्हे, प्रयोगाच्याच माध्यमात, ० आणि २४ तासांनी मोजा. देवमासे-सील यांच्या रक्तद्रवात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण माणसापेक्षा थोडे जास्त असते. त्यासाठी माध्यमात मीठ वाढवले तर कण आणखी लवकर चिकटतात.

दोन सापळे आणखी आहेत. पेशी जिवंत आहेत का हे जांभळ्या रंगावरून मोजणाऱ्या चाचणीत सोन्याचा स्वतःचा रंग मिसळतो, म्हणून पेशीविना फक्त कण असलेले खळगे ठेवायलाच हवेत. आणि कणांबरोबर जिवाणूंच्या आवरणातले विष, एन्डोटॉक्सिन, आले असेल तर दिसणारी दाहप्रतिक्रिया त्याची असते, कणाची नाही.

समुद्री सस्तन प्राण्यांच्या शरीरात नॅनोकण आपोआप बनतात, हे खरे का?

खरे आहे, आणि या विषयातला हा सर्वांत मजेशीर भाग आहे. मासे खाणाऱ्या दातवाल्या देवमाशांत अन्नातून मिथाइल-पारा साचत जातो. यकृतात तो सेलेनियमबरोबर बांधला जाऊन मर्क्युरी सेलेनाइडचे कण होतात, पारा आणि सेलेनियमचे मोलर प्रमाण जवळपास १ : १. पायलट व्हेलच्या ऊतींत हे कण नॅनोमीटरच्या मापाचे सापडले आहेत. प्राणी विष बाहेर टाकत नाही, त्याला दगड बनवून बाजूला ठेवतो. त्यात सेलेनियम खर्ची पडते ही त्याची किंमत. यामुळे यकृतातला एकूण पारा मोजून ‘प्राणी विषबाधित’ असे म्हणणे घाईचे ठरते. किती पारा मिथाइल रूपात आहे आणि किती सेलेनाइडमध्ये बंद, हे वेगळे काढावे लागते.

पेशीखालचा पृष्ठभाग नॅनो-पातळीवर बदलून काय कळते?

पेशी कशाला आणि किती घट्ट धरते. काचेवर सोन्याचे सुमारे ८ नॅनोमीटरचे ठिपके ठरावीक अंतरावर बसवतात आणि प्रत्येकावर आरजीडी हा छोटा पेप्टाइड चिकटवतात. एका ठिपक्यावर एकच इंटेग्रिन मावते. ठिपक्यांत ५८ नॅनोमीटर अंतर असेल तर पेशी पसरून नीट बसते, ७३ नॅनोमीटर झाले की तिची पकड जमत नाही. हे आकडे जमिनीवरच्या सस्तनांच्या पेशींवरून आले आहेत, त्यामुळे देवमाशाच्या पेशींची पट्टी आखताना ५० ते ८० नॅनोमीटरच्या दरम्यान चार-पाच अंतरे घ्यावीत.

पेशीचा ताठरपणा मोजायला १९८६ मध्ये आलेला अणुबल सूक्ष्मदर्शक वापरतात; तो बारीक कांडीने पेशी दाबून कांडी किती वाकते ते पाहतो. मऊ कांडी, ०.०१ ते ०.१ न्यूटन प्रति मीटर. टोकाला ५ मायक्रोमीटरच्या आसपासचा गोळा. बल सुमारे १ नॅनोन्यूटन. खोली पेशीच्या उंचीच्या १० टक्क्यांत. त्याहून खोल गेलात तर खालच्या काचेचा ताठरपणा मोजला जातो. अणकुचीदार टोक आणि गोल टोक यांचे आकडे कितीतरी पट वेगळे येतात, तेव्हा दुसऱ्या प्रयोगशाळेच्या किलोपास्कलशी (ताठरपणाच्या आकड्याशी) आपले किलोपास्कल ताडून पाहू नयेत. त्याच दिवशी, त्याच कांडीने दोन प्रजातींची तुलना करावी.

बुडी प्लेटमध्ये कशी घडवतात?

प्राणवायू १ टक्क्यावर आणून. पण पेशी वाढवण्याच्या कपाटाचा, म्हणजे इन्क्युबेटरचा, आकडा १ टक्का झाला म्हणजे पेशीपाशी तेवढा झाला असे नाही. माध्यमात विरघळलेला वायू निघायला काही तास लागतात आणि प्लॅस्टिकच्या भांड्याच्या भिंतीतही प्राणवायू मुरलेला असतो. माध्यम आदल्या रात्रीच कपाटात ठेवा, माध्यमाचा थर पातळ ठेवा, आणि शक्य असेल तर पेशीपातळीवर संवेदकाने मोजा. नेहमीच्या कपाटातला १८-२० टक्के प्राणवायूही बहुतेक ऊतींसाठी अतीच. तो ‘सामान्य’ धरून केलेली तुलना लंगडी पडते. दाब हा वेगळा प्रयोग: १,००० मीटरवर सुमारे १०० वातावरणांचा दाब येतो, त्याला खास कक्ष लागतो.

एका प्राण्याच्या पेशींवरून सगळ्या प्रजातीबद्दल बोलता येते का?

नाही. एका देवमाशाच्या पेशींनी भरलेले ९६ खळगे म्हणजे ९६ नमुने नव्हेत, एकच नमुना आहे. संख्या प्राण्यांची मोजायची. चार ते सहा प्राणी, शक्यतो दोन्ही लिंगांचे आणि वय माहीत असलेले, ही कामचलाऊ सुरुवात. त्वचेच्या डीएनएवरील मिथाइल खुणांवरून वयाचा अंदाज बांधता येतो. हंपबॅक देवमाशासाठी तशी पद्धत २०१४ पासून आहे. पेशीत दिसलेला परिणाम समुद्रात लागू पडतो की नाही, हे त्याच प्राण्याच्या ब्लबरमधली संप्रेरके, समस्थानिके आणि फोटो-नोंदी जोडल्याशिवाय ठरत नाही. क्रोमियम या प्रदूषक धातूचे काम असे झाले: जगभरातल्या स्पर्म व्हेलच्या त्वचेत तो मोजला गेला आणि त्यांच्या पेशींवरही त्याची मात्रा तपासली गेली. दोन्ही बाजू हातात असल्या की आकड्याला अर्थ येतो.

परवानग्या कोणत्या लागतात?

ज्या देशाच्या पाण्यात नमुना घ्याल तिथली संशोधन-परवानगी, संस्थेच्या प्राणी-नीती समितीची मंजुरी, आणि नमुना सीमेपार न्यायचा असेल तर साइट्सचे, म्हणजे संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे, परवाने. कातडीचा छोटा तुकडासुद्धा त्यात येतो. वाढवलेल्या पेशींनाही परवाना लागेल असे धरूनच चाला. नैसर्गिकरीत्या टाकलेली विष्ठा, मूत्र आणि अंबरग्रिस (स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनणारा सुगंधी पदार्थ) यांना साइट्स टाकाऊ मानते, पण एखाद्या देशाचा स्वतःचा कायदा त्याहून कडक असू शकतो. निर्यातीचा कागद नमुना घेण्याआधी हातात असावा. तासागणिक मरणाऱ्या पेशी कागदासाठी थांबत नाहीत.

यातून देवमासा क्लोन करायचा बेत आहे का?

नाही. अंडपेशी नाही, गर्भ वाढवायला आई नाही. पेशीसंग्रह हा जनुकीय वैविध्य जपण्यासाठी आणि प्रयोगांसाठी आहे.

फ्रीझरमध्ये दहा वर्षांपासूनचे तुकडे आहेत. त्यांतून पेशी वाढतील?

संरक्षक द्रव न घालता गोठवलेल्या तुकड्यात जिवंत पेशी उरत नाहीत. बर्फाच्या स्फटिकांनी पटले फाटलेली असतात. पण डीएनए, मिथाइल खुणा, समस्थानिके आणि प्रदूषके यांसाठी ते तुकडे सोन्यासारखे आहेत, फेकू नका. वितळवण्याआधी गोठलेल्या अवस्थेतच कापून वाटे करा. एकदा पूर्ण वितळून पुन्हा गोठवलेला तुकडा आरएनएला निरुपयोगी होतो. आणि चिठ्ठ्या तपासा. इथेनॉल सांडले की मार्करची शाई धुऊन जाते, म्हणून क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला कागद नळीच्या आतही असावा, आणि द्रव नायट्रोजनमध्ये जाणाऱ्या नळ्यांना त्या थंडीत न सुटणारी खास लेबले लावावीत.